आजीच्या गर्भाशयात नात

पेण-रोह्याच्या काही भगिनींनी विचारले, म्हणून हा विषय. मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने भारतात प्रथमच आईचे गर्भाशय लेकीच्या उदरी बसविले. लगोलग दुसरी तशीच शस्त्रक्रिया झाली. त्या लेकीला १८ ऑक्टोबर २०१८ रोजी कन्या झाली. जेथे आई वाढली, तेथेच लेक! जगातील असे पहिले बाळ स्वीडनमध्ये २०१४ साली जन्मले होते.

परकीय अवयव शरीराने नाकारू नये म्हणून औषधे सतत घ्यावी लागतात. अपत्यप्राप्तीनंतर गर्भाशय काढून टाकतात. खर्चाचा हिशेब व्यापारी घर मांडीलच. परंतु निरोगी आईवर शस्त्र चालणार असते. लेकीच्या संसारासाठी ती ‘नाही’ म्हणेल कशी? तिला डॉक्टरांनी एकटीला बसवून विचारावे, जावई दाराबाहेर असावा.