ऑफिसचा फोन एक, व्हॉइसमेल सर्व्हर दोन: मेसेज अडकतो कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्याची चर्चा सगळीकडे झाली. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज सर्व्हर २०१६ चाही सपोर्ट थांबवला. ते मात्र आयटीवाल्यांशिवाय फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

ई-मेलच्या सर्व्हरचा फोनशी काय संबंध? तर बऱ्याच ऑफिसांत फोनचं व्हॉइसमेलही याच एक्सचेंजवर चालायचं. पुढच्या, म्हणजे २०१९ च्या आवृत्तीतून कंपनीने ती सोय काढूनच टाकली. त्यामुळे जे २०१६ धरून बसले होते, त्यांना आता व्हॉइसमेल दुसरीकडे हलवावं लागतंय.

आणि हे काम एका रात्रीत होत नाही. मोठ्या ऑफिसात काही दिवस तरी अर्धी माणसं जुन्या सर्व्हरवर, अर्धी नव्यावर असतात. फोनची यंत्रणा, म्हणजे आपलं ईपीएबीएक्स, मात्र एकच. असं चालतं का? चालतं. प्रत्येक सर्व्हरला एक आतला नंबर द्यायचा, समजा ७००० आणि ७१००. मग कुठल्या एक्स्टेन्शनचा न उचललेला कॉल कुठे पाठवायचा ते ठरवायचं. सिस्कोच्या यंत्रणेत याला व्हॉइसमेल प्रोफाइल म्हणतात.

खरी गोची पुढे आहे. कॉल सर्व्हरवर पोचला, पण तो मुळात कुणासाठी होता? ही माहिती कॉलसोबत ‘डायव्हर्जन’ किंवा ‘हिस्टरी-इन्फो’ नावाच्या हेडरमध्ये जाते. जुना सर्व्हर एक वाचतो, नवा कदाचित दुसरा. हेडर चुकला की फोन करणाऱ्याला ऐकू येतं, ‘मेलबॉक्स नंबर टाका’. म्हणजे कुरिअरवाला सोसायटीच्या गेटवर उभा, पण पाकिटावर फ्लॅट नंबरच नाही! बाहेरचा माणूस सरळ फोन ठेवून देतो, आणि कुणीतरी फोन केला होता हे इकडे कळतही नाही.

दुसरी भानगड फोनवरच्या लाल दिव्याची. सर्व्हर सांगतो ‘लाव’ किंवा ‘विझव’, आणि फोन ऐकतो. जुन्या मेलबॉक्समध्ये दोन मेसेज पडलेत, नवा रिकामा आहे आणि नव्याने ‘विझव’ सांगितलं, तर दिवा विझतो. ते दोन मेसेज तसेच पडून राहतात. म्हणून माणूस नव्यावर नेला की त्याचा जुना मेलबॉक्स आधी ऐकून रिकामा करायला लावा आणि लगेच बंद करा. माझं मत विचाराल तर, ऑफिस छोटं असेल तर दोन सर्व्हरच्या फंदात पडूच नका. एका वीकेंडला सगळ्यांना हलवून मोकळे व्हा.

आपण इथे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट टाकतो, व्हॉइसमेल कोण वापरतं? पण पुण्या-नवी मुंबईत बसून परदेशी ग्राहकांचे फोन सांभाळणाऱ्यांना ते चुकत नाही. जून २०२१ मध्ये सरकारने बीपीओचे नियम सैल केले, देशी-परदेशी केंद्रं हा भेद काढला, ईपीएबीएक्स परदेशात ठेवायलाही मुभा दिली. म्हणजे इथला फोन, यंत्रणा तिकडे, व्हॉइसमेल तिसरीकडे, असंही होऊ शकतं.

तपासायचं असेल तर स्वतःच्या मोबाईलवरून ऑफिसच्या नंबरवर कॉल करा, उचलू नका, मेसेज ठेवा. दिवा लागला का, ऐकल्यावर विझला का, बघा. मग एक फोन दुसऱ्यावर फॉरवर्ड करून पुन्हा तेच करा. दुसऱ्यानेही उचलला नाही, तर मेसेज पहिल्याच्या मेलबॉक्समध्ये जायचा की दुसऱ्याच्या? दोन्ही सर्व्हरवर याचं उत्तर एकच हवं.