टिपऱ्यांचे घर आणि सोलापूरचे घर

१/१२
सोलापूरचा इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला, १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले चार हुतात्मे आठवतात. ते योग्यच आहे. पण रात्रीच्या जेवणाच्या वेळी, दूरचित्रवाणी संचासमोरही इतिहास घडत असतो. कौटुंबिक विनोदी मालिका हे त्या इतिहासाचे साधन आहे. मात्र ती कोणाच्या घराची साक्ष देते, हे तपासल्याशिवाय ते साधन वापरू नये. #थ्रेड

२/१२
प्रारंभ चिमणरावांपासून. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे अभ्यासक, बडोद्यातील प्राध्यापक. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात आले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनच्या मालिकेतून ते घराघरांत पोहोचले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ.

३/१२
पण ‘घराघरांत’ हा शब्द जपून वापरावा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुढच्या वर्षी पुणे जोडले गेले. सोलापूर त्या टप्प्याबाहेर होते. विशेष म्हणजे १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना सामुदायिक संच मिळाले. त्यांत शेजारच्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील गावे होती. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता.

४/१२
१९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने पसरले. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. परिणामी मुंबई-पुण्यापलीकडच्या अनेक मराठी घरांना पडद्यावर भेटलेले पहिले कुटुंब हिंदी बोलणारे, उत्तर भारतीय होते. मराठी माणसाने पडद्यावर आपले घर पाहण्याआधी दुसऱ्याचे घर पाहिले.

५/१२
१९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी आली. तीच पुढे झी मराठी झाली. तिच्यावर २००१ मध्ये केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ अवतरली. आजोबा प्रभावळकर, मुलगा राजन भिसे, सून शुभांगी गोखले, नातवंडे विकास कदम आणि रेश्मा नाईक. एक शहरी सदनिका, तीन पिढ्या, आणि रोजच्या लहानसहान कुरबुरी.

६/१२
या मालिकेचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. वर्षभरापूर्वीच, जुलै २००० मध्ये, ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ने कारस्थानी कुटुंबाचा साचा रूढ केला होता. टिपऱ्यांच्या घरात खलनायक नव्हता. शिवाय चिमणरावांचे मोरू, मैना, राघू हे मुख्यतः खोड्यांपुरते होते. शिरीष आणि शलाका यांना स्वतःची मते होती. वडीलधाऱ्यांशी वाद घालूनही घर न मोडणारी किशोर-तरुण पिढी मराठी पडद्यावर येथे ठळकपणे दिसली.

७/१२
मालिकेचा आधार होता प्रभावळकरांचेच ‘अनुदिनी’ हे पुस्तक, म्हणजे टिपरे आजोबांची रोजनिशी. पुढे मराठीत ब्लॉगसाठीही हाच शब्द रुळला. निवृत्तीनंतर रोज चार ओळी लिहिण्याइतकी निवांत सवड, स्वतःची खोली किंवा निदान स्वतःचा कोपरा: हा त्या आजोबांचा खरा ऐवज होता. प्रश्न इथूनच सुरू होतो.

८/१२
त्याच काळातल्या सोलापूरच्या आजोबांकडे पाहावे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलने शहराला गिरणगाव बनवले. ती १९६३ मध्ये बंद पडली. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिलचाही भोंगा थांबला. टिपरे आजोबा सन्मानाने निवृत्त झाले होते; सोलापूरच्या कित्येक आजोबांना गिरणीने वयाआधीच घरी बसवले होते. त्यांच्या घरात रोजनिशीपेक्षा थकलेल्या देण्यांचे हिशेब अधिक लिहिले गेले.

९/१२
आणि घराची भाषा? शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली घरांत आजी तेलुगूत बोलते, नात मराठी शाळेतून येते, बाजारात दखनी हिंदी चालते, शेजारी कानडी ऐकू येते. पुरुष यंत्रमागावर, बायका घरी विड्या वळतात. एका वाक्यात तीन भाषा मिसळणारे हे घर विनोदासाठी किती समृद्ध! तरीही मराठी मालिकांचे नेहमीचे ‘आपले घर’ एकभाषी आणि नोकरदारच राहिले.

१०/१२
यावर आक्षेप येईल: विनोदी मालिका म्हणजे जनगणना नव्हे. मान्य. टिपऱ्यांनी सोलापूर दाखवायला हवे होते, असे कोणी म्हणू नये. त्यांनी आपले घर प्रामाणिकपणे दाखवले. दोष मालिकेचा नाही, आपल्या वाचनाचा आहे. ‘पूर्वी मराठी कुटुंब असे होते’ म्हणून जेव्हा एकच घर पुढे केले जाते, तेव्हा स्मरणरंजन इतिहासाची जागा घेते.

११/१२
सोलापूरच्या घराचा इतिहास दुसरीकडे लिहिला जात होता. २००६ मध्ये कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. विडी वळणाऱ्या बाईचे स्वतःचे घर ही कौटुंबिक इतिहासातील केवढी मोठी घटना! तिथे सासू-सुनेचे नाते, मुलीचे शिक्षण, नवऱ्याचा दरारा यांत काय बदलले, यावर किती प्रसंग रंगले असते. ते रंगले नाहीत.

१२/१२
ध्वनिचित्रफिती महाग होत्या, तेव्हा त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. बीबीसीनेही १९६० च्या दशकातील असंख्य कार्यक्रम असेच गमावले. जे चित्रित झाले तेही टिकले नाही. मग जे चित्रितच झाले नाही, ते माणसांच्या आठवणीतच उरते, आणि माणसांबरोबर जाते. म्हणून इतिहासप्रेमी तरुणांनी टिपरे अवश्य पाहावेत, आणि मालिका संपली की घरातल्या आजीला विचारावे: पहिला टीव्ही कोणाच्या घरी आला, तो पाहताना हातात कोणते काम असे, आणि हसू कोणत्या भाषेत येई? उत्तर तिच्याच शब्दांत, तारखेसह नोंदवून ठेवावे. सोलापूरची अनुदिनी अजून लिहायची आहे, आणि ती सांगणारी माणसे आज घरात आहेत.