जोर नको, भार हवा

मैत्रिणींनो, ब्राझिलियन जिउ-जित्सूत पाठीवर पडलेली जोडीदारीण पायांनी आपल्याला अडवते, तो 'गार्ड'. तो ओलांडताना नवशिकी दंडाचा जोर लावते नि लगेच दमते! २०१५ साली खुल्या गटात जगज्जेता ठरलेल्या बर्नार्डो फारियाचा आवडता डाव 'ओव्हर-अंडर'. एक हात जोडीदारणीच्या एका पायाखालून, दुसरा हात दुसऱ्या पायावरून घालायचा. खांदा तिच्या पोटावर टेकवून, गुडघे उचलून चवड्यांवर यायचं, म्हणजे अंगाचा सारा भार खांद्यातून उतरतो. मग घाई न करता पावलापावलानं बाजूला सरकायचं. मात्र तिनं हातानं थोपटलं, की तत्क्षणी सोडायचं बरं का! तिची बरगडी जपलीत, तरच ती उद्या सरावाला येईल.