इंजिन बदलले म्हणून गाडी धावेल काय?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतील दहावीचा एक विद्यार्थी माझ्या घरी आला. त्याच्या हातात जुना लॅपटॉप होता. तो म्हणाला, "सर, यावर गेम अडखळत चालतात. दुकानदार म्हणतात, प्रोसेसर बदलला की वेग वाढेल. ईदीचे पैसे मी साठवले आहेत. कमी पडतील ते अब्बा देणार आहेत. बदलू का?"

त्याचे अब्बा हमाली करून घर चालवतात. म्हणून मी लगेच 'हो' म्हटले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपण भुसावळचे. रेल्वे आपल्या रोजच्या पाहण्यातली. गाडी उशिरा येते, तेव्हा प्रत्येक वेळी इंजिनच कमजोर असते काय? नाही. पुढचा सिग्नल लाल असेल, तर कितीही दमदार इंजिन जोडा, गाडी उभीच राहते. लॅपटॉपचेही तसेच आहे.

गेम खेळताना पडद्यावर एका सेकंदात अनेक चित्रे भराभर बदलतात. प्रत्येक चित्राचा हिशेब प्रोसेसर करतो आणि ते चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिप करते. समजा, प्रोसेसर सेकंदाला १०० चित्रांचा हिशेब करतो, पण ग्राफिक्स चिप ३०च चित्रे रंगवू शकते. मग आपल्याला ३०च चित्रे दिसणार. प्रोसेसरचा वेग दुप्पट केला, तरी ती ३०च राहणार!

शिवाय साधारण २०१५ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मुख्य बोर्डावर सोल्डर करून कायमचा बसवलेला असतो. तो घरच्या संगणकासारखा काढता-घालता येत नाही.

आणखी एक कारण आपल्या गावचेच आहे. भुसावळचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग आपोआप कमी करतो. पंख्यात धूळ साचली असेल, तर विचारूच नका.

आम्ही लॅपटॉप उघडला. प्रोसेसर कायमचा जोडलेलाच निघाला. पंख्यात मात्र धुळीचा थर होता. तो साफ केला. गेममधील चित्राचा बारकावा कमी करून पाहिला, तर वेग लगेच वाढला. म्हणजे अडचण प्रोसेसरची नव्हती, ग्राफिक्सची होती. त्या लॅपटॉपची ग्राफिक्स चिप मुख्य मेमरीच वापरत होती, म्हणून मेमरीची दुसरी पट्टी बसवली. तेवढ्यासाठी ईदीचे पैसे पुरले. नवे, मोठे गेम आजही त्यावर चालत नाहीत. पण जुने गेम नीट चालतात.

प्रोसेसर कधीच बदलू नये, असे माझे म्हणणे नाही. काही गेममध्ये शेकडो पात्रांच्या हालचालींचा हिशेब ठेवावा लागतो. तेथे वेगवान प्रोसेसरचा उपयोग होतोच. चित्राचा बारकावा कमी करूनही वेग वाढत नसेल, तर प्रोसेसरवर संशय घ्यावा. परंतु आधी दोष शोधावा, मग खिशात हात घालावा.

नवी वस्तू घेतली की सर्व अडचणी सुटतील, असे आपल्याला वाटते. दुकानदाराला तर विकायचेच असते. पण तो पैसा कोणाच्या तरी पाठीवरच्या ओझ्यातून आलेला असतो. तो खर्च करण्यापूर्वी तासभर विचार करणे, हे मुलांचे कर्तव्य आहे, असे मला वाटते.