किरणांचे बी आणि मेथीची जुडी

किरणे दिलेले बियाणे म्हटले की माणसे दचकतात. हिरोशिमा, कॅन्सर सगळे एकदम डोळ्यांपुढे येते. आमच्या चिखलीत भाजी घेताना हा विषय निघाला, तेव्हा एका सुशिक्षित गृहस्थांनी हातातली मेथीची जुडी चक्क खाली ठेवली. वास्तविक त्या मेथीला कोणी किरणे दिलेली नव्हती. दिली असती तर बरे झाले असते, असे माझे मत आहे.

कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण बियाण्यातून आरपार जातात, पण त्याने बी किरणोत्सारी होत नाही. छातीचा एक्स-रे काढलेला माणूस काही अंधारात चमकत नाही! बदलते ते आतले जनुक, आणि नेमके कुठले हे कोणाच्या हातात नसते. १९२७ साली हर्मन मुलर यांनी एक्स-किरणांनी फळमाशीत असे बदल घडवून दाखवले. १९४६ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. किरणांची मात्रा अगदी थोडी असली तर कधी कधी बी लवकर उगवते, रोप तरारते. मात्रा वाढली की ते खुरटते, पाने आखडतात, आणखी वाढली तर उगवतच नाही. पण ही तरारी त्या एका पिकापुरती. खरे काम पुढच्या पिढीत. पहिल्या झाडांचे बी धरून पुन्हा पेरले की दडलेले बदल वर येतात. हजारो रोपे पाहायची, बहुतेक टाकून द्यायची, एखादे ठेवायचे आणि तेही अनेक हंगाम पारखायचे. बँकेत मी उभा जन्म कर्जाचे अर्ज तपासले. इतक्या नामंजुरीमागे एक मंजुरी दिली असती तर आमची शाखा बंद पडली असती.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मात्र ही चिकाटी दाखवली. १९७३ मध्ये टीजी-१ हा भुईमूग आला. मग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर १९८५ चा टीएयू-१ उडीद आणि १९९१ चा बुटका, लवकर निघणारा टीएजी-२४ भुईमूग. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा. संकरित बियाण्यासारखे हे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, घरचे धरून पेरता येते. घरचे बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याला दिला आहे.

तेल आणि डाळ आधी, हे योग्यच होते. पण पालेभाजीची अडचण निराळी. भुईमुगाचे जे पीक तेच बी. मेथी महिन्याभरात उपटून जुडी बांधली जाते. बी धरायचे तर तोच वाफा चार महिने अडकवावा लागतो. १९९७ मध्ये चिखली महानगरपालिकेत गेली, जमिनीचा हिशेब गुंठ्यावर आला. शेडच्या आडोशाला उरलेल्या तुकड्यात चार वाफे करणारा माणूस वाळकी मेथी उभी ठेवील कशाला? तो दुकानातून पुडी आणतो, आणि पुडीत काय आहे हे पुडीवाल्यालाच ठाऊक. आजीच्या मडक्यातले बी असे गावोगाव संपत चालले आहे, याची मला किरणांपेक्षा जास्त धास्ती वाटते.

म्हणून हे काम सरकारी शेतावरच व्हायला हवे. आपला भाग राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे येतो. त्यांनी आधी गावठी वाण गोळा करावेत, मग ट्रॉम्बेकडून त्यांतल्या काहींना किरणे देऊन घ्यावीत आणि उन्हाळ्यात लगेच फुलावर न येणारी, जुडीत लवकर न सुकणारी मेथी शोधावी. मेथीचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे सापडलेला गुण टिकवणे सोपे. पालकाचा पराग वाऱ्यावर उडतो, तिथे खटाटोप फार. पालकाचे नंतर पाहू.