बिल्ल्याची जागा हा इतिहासाचा प्रश्न आहे

१/१०
जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धारात इंजिनावर महिने घालवले जातात, रंगावर पैसा ओतला जातो आणि बाहेरचे बिल्ले मात्र शेवटच्या दिवशी नजरेच्या अंदाजाने चिकटवले जातात. ही केवळ हलगर्जी नव्हे. हा पुराव्याचा नाश आहे. मुंबईच्या पद्मिनीचे उदाहरण घेऊ.

२/१०
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली.

३/१०
१९७०च्या दशकाच्या आरंभी परवान्याची मुदत संपली. गाडी जवळपास तीच राहिली, नाव बदलले: आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’, मग १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. परदेशी नावाकडून देशी नावाकडे झालेले हे स्थित्यंतर गाडीच्या आकारात फारसे दिसत नाही. ते बिल्ल्यांवर दिसते.

४/१०
म्हणूनच १९८०च्या पद्मिनीवर ‘फियाट’ची अक्षरे लावणारा हौशी मालक गाडी सजवत नाही, तो तिच्या जन्माची नोंद बदलतो. ताम्रपटावरचा शक खोडून जुना शक कोरणाऱ्याला जो न्याय, तोच त्यालाही लावला पाहिजे.

५/१०
यावर ठरलेला बचाव असा: ‘लोक तिला फियाटच म्हणत.’ म्हणत, हे खरेच. परंतु कारखाना एक नाव लिहीत होता आणि शहर दुसरेच उच्चारत होते, ही तफावत हाच तर इतिहास! बिल्ला बदलला की तफावत पुसली जाते आणि लोकांच्या बोलीचे वेगळेपणही उरत नाही.

६/१०
आता जागेविषयी. त्या काळच्या बऱ्याच धातूच्या बिल्ल्यांना मागे बारीक दांडे असत. ते पत्र्यातील भोकांतून आरपार जात आणि आतून अडकवले जात. म्हणजे जागा कारखान्याने ठरवलेली होती. लांबी भरून भोके बुजवायची आणि दोन बोटे वर, चिकटपट्टीवर बिल्ला बसवायचा, हा जीर्णोद्धार नव्हे.

७/१०
योग्य पद्धत अवघड नाही. रंग खरवडण्यापूर्वी पत्र्याच्या दोन कडांपासून बिल्ल्याचे अंतर मोजावे. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. कागदाचा साचा कापून ठेवावा. बिल्ला आधीच हरवला असेल, तर डिकीचे झाकण आतून पाहावे. बुजवलेली भोके बहुधा तेथे सापडतात.

८/१०
तरीही एकाच गाडीवर विसंबू नये. अपघातानंतर डिकीचे झाकण दुसऱ्या सालच्या गाडीचे बसवलेले असू शकते. त्याच सालच्या अनेक गाड्या, तारीख असलेली जुनी छायाचित्रे आणि सुट्या भागांची सूची यांचा मेळ घालावा. जाहिरातीतले चित्र हा दुय्यम पुरावा. चित्रकार कारखान्याच्या मोजमापाला बांधलेला नसतो.

९/१०
पुरावाच मिळाला नाही तर? जागा मोकळी ठेवावी. अंदाजाने बिल्ला लावलाच, तर तो अंदाज आहे, ही नोंद गाडीच्या वहीत तारखेसह करावी. मोकळी जागा पुढच्या अभ्यासकाला प्रश्न विचारायला लावते. आत्मविश्वासाने लावलेला चुकीचा बिल्ला तो प्रश्नच बंद करतो.

१०/१०
हे सारे आताच सांगण्याचे कारण आहे. ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. यापुढे ही गाडी प्रामुख्याने संग्राहकांच्या ताब्यातच उरेल आणि आजच्या जीर्णोद्धारांची छायाचित्रे उद्या ‘मूळ’ म्हणून फिरतील. तेव्हा प्रदर्शनात चकाकणारी गाडी दिसली, की मालकाला रंगाची किंमत विचारण्याआधी एवढेच विचारावे: हा बिल्ला येथेच होता, हे कशावरून?