टॅक्सीवाल्यांचा १ मे

१ मे हा श्रमिक संत योसेफ यांचा सण. परमपूज्य पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली स्थापिला. २०१६ साली नेमक्या त्याच दिवसापासून दिल्लीत डिझेलच्या टॅक्सींना बंदी झाली. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असा की, गाडी सीएनजीवर चालवा, अन्यथा उभी करा.

डिझेलच्या धुरातील काजळीचे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर शिरतात, लेकरांना त्यांचा त्रास अधिक. तेव्हा आदेशामागील हेतूला आम्ही नावे ठेवीत नाही. पृथ्वीचा आक्रोश ऐका आणि गरिबांचाही ऐका, असेच पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रात सांगितले होते. पण डिझेलचे इंजिन सीएनजीवर आणण्याची सोयच उपलब्ध नाही, अशी टॅक्सीवाल्यांची तक्रार होती. न्यायालयाने पूर्वी मुदत वाढवून दिली होती हे खरे. परंतु जी वस्तू मिळतच नाही, तिच्यासाठी मुदत घेऊन चालकाने काय करावे? गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. (आपल्याही गावचे कितीतरी तरुण टॅक्सीवर संसार चालवितात, त्यांना हे सांगावयास नको.)

चालकांनी रस्ते अडविले, प्रवाशांचे हाल झाले. अखेर १० मे रोजी अखिल भारतीय परवान्याच्या टॅक्सींना परवाना संपेपर्यंत धावण्याची मुभा मिळाली.